विजेची मोटार आणि आमचा उन्हाळा

चंद्रपूरच्या वैशाखांत विजेच्या मोटारीची बॅटरी पेट तर घेणार नाहीं ना, ही शंका गृहस्थांस येणें साहजिक आहे. निकेल-कोबाल्टची लिथियम बॅटरी फाजील तापल्यास तिच्या धनाग्रांतून प्राणवायु सुटून आग भडकते. १९९७ सालीं पाधी, गुडइनफ प्रभृतींनीं प्रसिद्ध केलेल्या लोह-फॉस्फेटांत मात्र फॉस्फरस प्राणवायूस घट्ट धरून ठेवितो. अशी बॅटरी वजनाच्या मानानें वीज कमी सांठविते, परंतु अधिक निर्धोक व टिकाऊ असते. तिला महागड्या कोबाल्टाऐवजीं लोखंड लागतें. तें गडचिरोलींतील सुरजागडच्या डोंगरांतही आहे. आम्ही तिचें स्वागतच करितों. तथापि चंद्रपूरचें २,९२० मेगावॅटचें वीजकेंद्र कोळशावरच चालतें. मोटारीचा धूर गेला, तरी वीजकेंद्राचा आमच्या दारीं उरतोच, हें सुज्ञांनीं विसरूं नये.