विश्लेषण : घरच्या व्हिडीओ गेमच्या पेटीला काच लावावी की ॲक्रिलिक? कापताना माप कुठे चुकते?

नव्वदच्या दशकात मुंबईच्या गल्लीबोळांतील व्हिडीओ गेम पार्लरमध्ये रुपया-दोन रुपयांच्या कॉइनवर ‘मुस्तफा’ खेळला जायचा. गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉमने तो १९९३ मध्ये आणला. आपल्याकडे मात्र तो त्यातील पात्राच्या नावानेच ओळखला गेला. तशी पेटी आता घरीही बनवता येते. जुना मॉनिटर, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, जॉयस्टिक, बटणे आणि प्लाय एवढे साहित्य पुरते. काम फसते ते बहुधा शेवटी, मॉनिटरसमोर पारदर्शक कव्हर बसवताना.

कव्हर लागतेच का?

एलसीडी मॉनिटर बोटाने दाबला तरी रंग फाकतात. नायगावच्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तिथे पेटी ठेवली तर येणारा-जाणारा तिला घासूनच जाणार, पोरे तिला टेकणार. त्यामुळे कव्हर हवेच. आणि ते पडद्याला चिकटवायचे नाही, मध्ये २-३ मिमी फट ठेवायची.

काच, ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

साधी काच बाद. फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि खेळणाऱ्याचे तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर असते. टफन काच चालेल. तिच्यावर सहज चरे पडत नाहीत, फुटली तरी तिचा चुरा होतो. मात्र टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकले की पैसे गेले.

ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो आणि त्याचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी असते. ६०० बाय ४५० मिमीचा, ४ मिमी जाडीचा तुकडा काचेचा असेल तर २.७ किलो भरतो, ॲक्रिलिकचा १.३ किलो. उणे बाजू म्हणजे त्यावर चरे लवकर पडतात आणि धूळ चिकटते. पॉलिकार्बोनेट धक्क्याला सर्वात दणकट. पण त्यावर चरे आणखी लवकर पडतात आणि लेझरने कापल्यास कडा पिवळ्या-काळ्या पडतात. घरात लहान मुले हाणामारीच्या बेताने खेळणारी असतील तरच ते घ्यावे. बाकीच्यांसाठी ३ ते ४ मिमीचे ‘कास्ट’ ॲक्रिलिक पुरे. मॅट शीट घेण्याचा मोह टाळा. पडद्यापासून थोडे दूर बसवले की चित्र धूसर होते. ट्यूबलाइटची चमक त्रास देत असेल तर कव्हर किंचित पुढे झुकवा.

‘२३.५’चा घोळ काय आहे?

सुतार इंच आणि सुतात मोजतो. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी. लेझर कटिंगवाला मिमीत काम करतो. २३ इंच ५ सूत म्हणजे ६०० मिमी. हेच माप व्हॉट्सॲपवर ‘२३.५’ असे लिहून पाठवले, तर समोरचा साडेतेवीस इंच समजून ५९७ मिमीचा तुकडा कापतो. ३ मिमी कमी. मी स्वतः हे करून बसलो आहे. इंजिनीअरिंगची पदवी तेव्हा कामाला आली नाही. म्हणून पेटी पूर्ण उभी झाल्यावर, सनमायका लावल्यानंतरच खाचेचे माप घ्या. वर, मध्ये, खाली असे तीनदा. त्यातले सर्वात लहान धरा आणि ते मिमीतच लिहा.

त्यातूनही दीड-दोन मिमी वजा करावे लागतात. ॲक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगते. ६०० मिमीचा तुकडा तापमान २० अंशांनी वाढले की सुमारे ०.८ मिमीने वाढतो. खाचेत जागा नसेल तर तो मधोमध फुगतो.

कापायचे कसे?

नेमप्लेट आणि साइनबोर्ड बनवणारी दुकाने लेझरने कापून देतात. उरलेले तुकडे मागितले तर स्वस्तात काम होते. पारदर्शक पीव्हीसीची शीट मात्र लेझरवर नेऊ नका. तिच्यातून निघणारा वायू माणसाला आणि मशीनलाही घातक असतो.

३ मिमीपर्यंतचे ॲक्रिलिक घरी कापता येते. वरची फिल्म काढायची नाही. स्टीलची पट्टी घट्ट धरून ॲक्रिलिक कटरने एकाच रेषेत दहा-बारा वेळा ओढायचे. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खाच पडली की रेष टेबलाच्या कडेवर आणून एका झटक्यात खाली दाबायचे. घाई केली तर तुकडा भलतीकडेच तुटतो. कडा कानशीने, मग ओल्या पॉलिश पेपरने घासाव्यात. भोके पाडताना खाली लाकूड ठेवा, ड्रिल सावकाश चालवा आणि भोक स्क्रूपेक्षा दीड मिमी मोठे ठेवा. स्क्रू आवळून टाकू नका, त्याच जागी तडा जातो.

मॉनिटरभोवतीची उघडी जागा झाकायला मागून काळा कार्डपेपर लावला की झाले. फिल्म सर्वात शेवटी काढा. पुसायला ओले मऊ कापड पुरते. स्पिरिट, थिनर किंवा अमोनियाचे काच पुसायचे द्रव लावले तर ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या पुन्हा निघत नाहीत.