थंडीत फर्नेस बंद पडते तेव्हा

वैशाखाच्या उकाड्यात, हातातल्या निमंत्रणपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे घर उबदार ठेवण्याच्या यंत्राविषयी बोलावयाचे, हे जरा विपरीतच आहे. पण ज्यांचा मुलगा, मुलगी, निदान भाचा तरी अमेरिकेत किंवा कॅनडात आहे, अशी मंडळी या सभेत पुष्कळ असतील. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांच्या ओढीने आपल्यापैकी कित्येकजण तिकडे जातात आणि ऐन हिवाळ्यात तेथे राहतात. शिकागो शहरी ३० जानेवारी २०१९ रोजी तापमान शून्याखाली सुमारे ३१ सेल्सिअस अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री तळघरातील फर्नेस बंद पडली तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे माहीत असणे अगत्याचे आहे.

फर्नेस म्हणजे काय हे समजण्यास आपला जुना तांब्याचा बंब पुरेसा आहे. बंबाच्या मधल्या नळीत जाळ असतो, भोवती पाणी असते. जाळाची उष्णता पत्र्यातून पाण्यात उतरते. धूर मात्र पाण्यात न मिसळता वरच्या वाटेने निघून जातो. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा असते, इतकेच. गॅसच्या ज्योती धातूच्या नळ्यांत जळतात आणि एक मोठा पंखा त्या नळ्यांच्या बाहेरून घरातील हवा फिरवितो. तापलेली हवा पत्र्याच्या पन्हळींतून खोल्याखोल्यांत जाते. गार झालेली हवा परतीच्या जाळीतून, गाळणीवाटे, पुन्हा फर्नेसकडे येते. म्हणजे या यंत्राला दोन श्वास आहेत : एक ज्योतीचा, दुसरा घराचा. त्यांपैकी कोणताही कोंडला की ते थांबते. किंबहुना, ते थांबावे अशीच त्याची रचना केलेली असते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता शिकागोजवळ लेकीकडे राहिलो होतो. दिवाणखान्यात भिंतीच्या पायथ्याशी एक रुंद जाळी होती. तिच्याजवळ बसले की पायांना गार झुळूक लागे. आमच्या मंडळींनी त्यावर उपाय म्हणून रजयांचा गठ्ठा त्या जाळीला टेकवून ठेवला. त्याच रात्री घर गार पडू लागले. फर्नेस पेटे, पाचएक मिनिटे चाले आणि ज्योत विझे. मोठा पंखा तेवढा फिरत राही. नात आठ महिन्यांची. जावईबापू तळघरात उतरून पुनःपुन्हा बटण खाली-वर करीत होते. अखेर दुरुस्तीवाल्याला फोन लागला. त्याने दोनच प्रश्न विचारले : गाळणी शेवटची कधी बदलली, आणि परतीच्या जाळ्या मोकळ्या आहेत ना? गाळणी काढून पाहिली तो तिच्यावर धुळीचा करडा थर जमून तिची जणू घोंगडी झालेली. नवी गाळणी बसविली, रजया उचलल्या, आणि तासाभरात घर उबदार झाले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

घडले होते ते असे. नळ्यांवरून पुरेशी हवा जाईना, तेव्हा त्या प्रमाणाबाहेर तापल्या. ते ओळखून उष्णतेच्या मर्यादेच्या स्विचने गॅस तोडला. म्हणून गाळणी थंडीत दर महिन्याला उजेडासमोर धरून पाहावी. पलीकडचे दिसेनासे झाले तर बदलावी. आणि गार हवा ओढणारी जाळी कधीही झाकू नये.

इतर बिघाड ओळखण्यासाठी हल्लीची गॅसची फर्नेस सुरू होण्याचा क्रम ध्यानात घ्यावा. भिंतीवरील थर्मोस्टॅट उष्णता मागतो. प्रथम एक लहान पंखा धुराच्या वाटेने हवा खेचू लागतो. वाट मोकळी आहे अशी दाबाच्या स्विचने ग्वाही दिली की एक पट्टी तापून लालभडक होते. मग गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतीत असलेली बारीक सळई 'ज्योत आहे' असे कळविते. तसा निरोप काही सेकंदांत न आल्यास गॅस बंद होतो. सारे ठीक असेल तर थोड्याच वेळात मोठा पंखा सुरू होतो.

आता काहीच हालचाल नसेल, तर आधी थर्मोस्टॅटचे सेल पाहावेत आणि तो 'हीट'वर आहे की नाही ते पाहावे. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखे एक बटण असते. दिवा समजून पाहुणे ते बंद करून येतात. फर्नेसचे झाकण नीट बसले नसले तरीही ती चालत नाही. पंखा अखंड चालून अधूनमधून गार हवा येत असेल, तर पंख्याची खूण 'ऑटो'ऐवजी 'ऑन'वर गेलेली असण्याचा संभव आहे. लहान पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी घराबाहेर जाऊन पाहावे. नव्या फर्नेसचे प्लास्टिकचे नळ पुष्कळदा बाजूच्या भिंतीतून निघतात आणि त्यांची तोंडे बर्फाने बुजतात. तो बर्फ हलक्या हाताने दूर करावा. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर त्या सळईवर पुटे चढली असण्याचा संभव असतो. ती साफ करण्याचे काम जाणकाराचे. फर्नेसवर एक लहान दिवा ठराविक वेळा लुकलुकतो. ती संख्या मोजून दुरुस्तीवाल्याला सांगितल्यास त्याचे निम्मे काम होते.

बटण एकदा बंद करून पुन्हा लावून पाहण्यास हरकत नाही. पण यंत्र पुन्हा थांबले तर हट्ट धरू नये, आणि थांबविणारा स्विच तारेने जोडून त्याला गप्प तर कधीच करू नये. ज्योतीचा श्वास कोंडला किंवा नळीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू घरात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, आणि माणूस हवेत असूनही गुदमरतो. घरातील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ती थंडी-पडशाची लक्षणे समजू नयेत. तत्काळ सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून मदत मागवावी. प्रत्येक मजल्यावर, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांजवळ, या वायूची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे.

गॅसचा वास आला तरी हाच नियम : बटणांना हात न लावता बाहेर पडावे. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. तो मुद्दाम मिसळलेला असतो. टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी न कळत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० मुले व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतरच तेथे असा वास मिसळण्याचा कायदा झाला. तो वास म्हणजे त्या मुलांच्या मोलाने मिळालेला इशारा आहे.

माणूस येईपर्यंत सर्वांनी एका खोलीत जमावे, पांघरुणे घ्यावीत, आणि पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून नळांची बारीक धार चालू ठेवावी. मात्र ऊब यावी म्हणून स्वयंपाकाचा गॅस जळत ठेवू नये, शेगडी पेटवू नये.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. बंद न्हाणीघरात बसविलेल्या गॅसच्या गीझरने आपल्याकडेही माणसे दगावली आहेत, आणि तीही याच वायूने. तेव्हा आज घरी गेल्यावर न्हाणीघराची झरोक्याची जाळी कोणी कागद चिकटवून बंद केली आहे काय, तेवढे पाहावे. आणि मुलांना फोन कराल तेव्हा, बाकी क्षेमकुशल विचारून झाल्यावर, गाळणी कधी बदलली तेही विचारावे.