कंडम मालाची मोजदाद

आम्हा जबलपूरकरांचं गोरखपूर म्हणजे गुरुद्वारा, गजबजलेला बाजार, छोटी लाइन फाटक आणि जवळचं हाऊबाग स्टेशन. नैनपूर, बालाघाटकडे जाणारी छोटी गाडी 2015 पर्यंत तिथूनच सुटायची. गोंदियाकडच्या सोयरिकी असलेल्या इथल्या मराठी घरांना त्या गाडीची शिटी ओळखीची होती. 2018 च्या सप्टेंबरमध्ये या परिसराचं नाव एकाएकी देशभरच्या बातम्यांत आलं, तेही एके-47 रायफलींमुळे.

29 ऑगस्ट 2018 रोजी बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यात, जमालपूरला, पोलिसांनी एकाला 3 एके-47 सह पकडलं. धागा जबलपूरपर्यंत आला. लष्करी आयुध विभागातून निवृत्त झालेला एक आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, गोरखपूरच्या हद्दीतल्या आपल्या घरी रायफली जुळवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. सुटे भाग इथल्या केंद्रीय आयुध डेपोतून यायचे, आणि त्यासाठी तिथल्या भांडारातल्या एका जबाबदार कर्मचाऱ्याला अटक झाली. पुढे मुंगेरमधल्या बरदह गावच्या विहिरीतूनसुद्धा रायफली निघाल्या. ऑक्टोबरमध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल. मला त्या प्रकरणातला एकच तपशील आजवर सोडत नाही. ज्या रायफलींचे हे भाग होते, त्या सैन्याने निकामी ठरवलेल्या होत्या. आमच्या भाषेत, कंडम.

डेपोला उंच भिंत आहे, तारा आहेत, बंदूकधारी पहारा आहे. नव्या रायफलीचा क्रमांक दहा ठिकाणी लिहिलेला असतो. ती कंडम ठरली की कागदावर तिचा जीव जातो, पण लोखंड तसंच राहतं. कारागिराच्या हातात ते पुन्हा बंदूक होतं. कामाच्या जागी होणाऱ्या नुकसानीचा विचार करताना आपण कुलूप, कॅमेरा, पहारेकरी यांच्याकडे बघतो. इतकी वर्षं अशी प्रकरणं वाचून आणि ऐकून माझं मत असं झालं आहे की मोजणी जिथे थांबते तिथून माल जातो, आणि कित्येकदा माणसंही जातात.

सरकारी मराठीत यासाठी 'निर्लेखन' हा शब्द आहे. शाळेतला मोडका बाक असो की तहसील कचेरीतलं गंजलेलं कपाट, जडवस्तू संग्रह नोंदवहीतून, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमधून, ते उतरवायचं तर समिती बसते, ठराव होतो, लिलाव होतो. लोकांना हा सगळा खटाटोप वाटतो. मला त्यात जुन्या कारकुनांचं शहाणपण दिसतं. वस्तू आली कशी हे जितकं नीट लिहायचं, तितकंच ती गेली कशी हेही लिहायचं, हा त्यामागचा हिशेब आहे. अडचण एवढीच की ठराव आणि लिलाव यांच्यामध्ये महिने जातात, आणि त्या महिन्यांत ती वस्तू कुणाचीच नसते.

वर्ध्याजवळच्या पुलगाव दारूगोळा भांडाराने याची किंमत दोनदा मोजली. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे आग भडकली आणि स्फोट झाले. ती विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी, जवान आणि दोन लष्करी अधिकारी मृत्युमुखी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होतं, असं पुढे समोर आलं. दुसरा अपघात 20 नोव्हेंबर 2018 चा. सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायचा होता. ते काम आमच्या जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचं. स्फोटात 6 जण गेले. मृतांत निर्माणीचा कर्मचारी होता, आणि रोजंदारीवर पेट्या उचलायला व खड्डे खणायला आलेले आसपासच्या गावांतले मजूरही होते. दारूगोळा कागदावर मेला होता. ज्यांनी तो उचलला त्यांना हजेरीपटावर कायमची जागा नव्हती. बातमी आली तेव्हा खमरियाच्या वस्तीत आणि वर्ध्याच्या खेड्यात एकाच संध्याकाळी चुली विझल्या असतील, हा विचार मला फार दिवस छळत राहिला.

जाणाऱ्या मालाइतकंच लक्ष येणाऱ्या मालाकडे हवं. 1904 साली सुरू झालेल्या आमच्या गन कॅरेज फॅक्टरीत 'धनुष' तोफ तयार होते. 2017 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. जर्मन बनावटीचे म्हणून पुरवलेले बेअरिंग प्रत्यक्षात चिनी होते, असा आरोप पुरवठादारावर ठेवला गेला. इथे कुणी भिंत ओलांडली नाही. दारात ट्रक आला, पावती फाटली, डब्यावर 'मेड इन जर्मनी' लिहिलेलं होतं. आवक तपासणारा माणूस डबा मोजतो की वस्तू, यावर सगळं अवलंबून असतं.

बँकांची गोष्ट वेगळी वाटते, पण पाया तोच. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचे तपासनीस मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत गेले. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतली रोकड मोजली, तर वहीपेक्षा 122 कोटी रुपये कमी. रोजमेळ जुळत होता, तिजोरी जुळत नव्हती. ठेवीदारांत निवृत्त लोक किती होते ते ज्यांनी त्या शाखांबाहेरच्या रांगा पाहिल्या त्यांना विचारावं. 2018 मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या घोटाळ्यात परदेशी संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकाला जोडलेली नव्हती. एका यंत्रात दिलेली हमी दुसऱ्या यंत्राला ठाऊकच नसायची. त्याच वर्षी 11 आणि 13 ऑगस्टला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्लेखोरांनी 94 कोटींहून अधिक रक्कम काढली. एटीएममधला पैसा 28 देशांतून उचलला गेला.

अशा प्रकरणांसाठीचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. नाजूक जागांवर काम करणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान 10 कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचं, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये घालून दिलं. त्या 10 दिवसांत त्याचं टेबल दुसरं कुणीतरी बघतं. 'मी गेलो की काम अडतं' असं अभिमानाने सांगणारा माणूस प्रत्येक कचेरीत असतो, आणि आपण त्याचं कौतुक करतो. मालकाने त्या वाक्याची काळजी करायला हवी. बहुतेकदा तो माणूस प्रामाणिकच असतो. पण त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होण्याची सोय त्याच्यासाठीही हवी असते.

बाहेरून येणारा चोर नाहीच, असं मी म्हणत नाही. 2017 मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी शेजारचं दुकान भाड्याने घेतलं, भुयार खणलं आणि बँकेचे लॉकर फोडले. ऑगस्ट 2025 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सिहोऱ्याजवळच्या खितौला इथे, भर सकाळी बँकेतून 14 किलोंहून अधिक सोनं लुटलं गेलं. गहाण ठेवलेलं सोनं म्हणजे शेतकऱ्यांच्या घरचं मंगळसूत्र आणि पाटल्या. तरीही मला जुईनगरचं भुयार आठवतं ते वेगळ्या कारणाने. शेजारच्या गाळ्यात महिनोनमहिने काय चाललंय, हे कुणी एकदाही डोकावून पाहिलं नाही.

गोरखपूर बाजारातल्या छोट्या दुकानांत हीच चूक लहान आकारात दिसते. नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे शटरची किल्ली राहते. जुन्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर अजून बँकेचा ओटीपी येतो. कॅमेरे आठ, पण चित्रण साठवणारा डबा गल्ल्याच्याच खाली, म्हणजे चोर आला तर पुरावाही सोबत घेऊन जाईल. जानेवारी 2025 मध्ये खजुराहोत रात्रीतून दुकानांबाहेरचे क्यूआर कोडचे स्टिकर बदलले गेले आणि गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच खात्यात जमा होत राहिले. सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या कोडवर 1 रुपया पाठवून बघणं, एवढाच यावर उपाय. सोडून जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवशी किल्ली, शिक्का, पासवर्ड आणि उधारीची वही, या चार गोष्टी समोरासमोर परत घ्याव्यात आणि दोघांनी सही करावी.

मुदत संपलेला कागदही कंडम मालच असतो. 1 ऑगस्ट 2022 ला आमच्या दमोह नाका परिसरातल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागली, 8 जण गेले. आत-बाहेर करायला एकच वाट होती, आणि अग्निसुरक्षेचा तात्पुरता परवाना काही महिन्यांपूर्वीच संपला होता. हा कागद संपायच्या आत हाती घ्यावा असं कुणाच्या वहीत लिहिलेलं नसेल, तर तो फाइलीत पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं, परवाना आहे.

आणि दारावरचा पहारेकरी? त्याच्यासाठी महाराष्ट्राने 1981 मध्ये स्वतंत्र कायदा केला, सुरक्षा रक्षक मंडळं नेमली. केंद्राचा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा 2005 चा. कायदे असूनही बारा-बारा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणारा माणूस आपल्याला गावोगाव दिसतो. आपण त्याला नाव विचारत नाही, पाणी विचारत नाही, आणि लाखोंचा माल त्याच्या भरवशावर टाकून घरी जातो.

माझे बाबा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. प्रत्येक खणावर बिन कार्ड टांगलेलं. आवक, जावक, शिल्लक. पेन्सिल कानावर, आणि संध्याकाळी प्रत्येक कार्डावर एक बारीक खूण. पितळेच्या कातकामाचा चुरा मात्र कोपऱ्यात पडलेला असायचा. त्याला कार्ड नव्हतं, कारण तो कचरा धरला जाई. एके दिवशी तिथला ढीग कमी दिसला आणि संशय झाडूवाल्यावर गेला. त्याचा गेट पास तीन दिवस काढून घेतला. नंतर कळलं, लोखंडाच्या भंगाराबरोबर तो चुरा चुकून त्याच ट्रकमध्ये चढवला गेला होता. चौथ्या दिवशी झाडूवाला कामावर आला. साहेबांपैकी कुणी त्याची माफी मागितली नाही. बाबांनी त्या दिवशी घरून डबा जास्तीचा नेला होता, एवढं आईने सांगितलेलं मला आठवतं.

जेवण झाल्यावर बाबांनी काटा ओढून आणला आणि झाडूवाल्याला उरलेला चुरा पोत्यात भरायला लावलं. वजन 41 किलो भरलं. बाबांनी नवं बिन कार्ड घेतलं, वरती 'पितळ चुरा' असं लिहिलं, खाली आपली सही केली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याला सही येत नव्हती. बाबांनी शिक्क्याची शाई पुढे केली आणि अंगठ्याजवळ त्याचं पूर्ण नाव लिहिलं.