स्टॉलवरची गर्दी आणि वहीतली नोंद

औद्योगिक प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी समारोपाची घोषणा झाली की हॉलमध्ये एकच धांदल उडते. कार्पेट गुंडाळली जातात, पॅनल उतरतात, फोर्कलिफ्टसाठी रांग लागते. त्या गडबडीत शेजारचा स्टॉलवाला हमखास विचारतो, "कसा झाला शो?" उत्तरही ठरलेलं असतं, "गर्दी चांगली होती." भोसरी, चाकण, शिरोली इथल्या लहान कारखानदारांबरोबर मी अशा स्टॉलांवर बरीच वर्षं उभा राहिलो आहे. या उत्तराइतकं फसवं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

गर्दी म्हणजे यश, हा सगळ्यांत जुना गैरसमज. जर्मनीतल्या हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन पहिल्यांदा भरलं ते १९४७ साली, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात. सुमारे १,३०० उत्पादकांनी माल मांडला आणि तीन आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोक येऊन गेले. त्या काळात जर्मनीत अन्न रेशनवर होतं. प्रदर्शनात मासे घातलेले पाव रेशनच्या कुपनाशिवाय मिळत, आणि लोकांच्या तोंडी त्या प्रदर्शनाला नावही त्या पावांवरूनच पडलं. पण हॅनोव्हर टिकलं ते तिथे झालेल्या तीन कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या निर्यात करारांमुळे. सात लाखांतले करार करणारे थोडेच होते. स्टॉल मांडायचा तो त्यांच्यासाठी.

साधा हिशेब करून बघा. नीट बोलायचं, समोरच्याची गरज समजून घ्यायची, ती लिहून ठेवायची, तर एक माणूस तासाला पाच जणांना वेळ देऊ शकतो. दिवसातले कामाचे तास सहा धरा, स्टॉलवर दोन माणसं आणि प्रदर्शन चार दिवसांचं. एकूण भेटी झाल्या २४०. हॉलमध्ये लाखभर माणसं फिरोत, तुमच्या वाट्याला येणारी ही एवढीच. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की ही २४० माणसं कोण असावीत.

हे ठरलं की कोणत्या प्रदर्शनात जायचं तेही ठरतं. "सगळे जातात म्हणून आपणही" हे कारण पुरेसं नाही. मोशीच्या किसान प्रदर्शनात शेतकरी स्वतः येतो, अनेकदा गावातले चौघे मिळून गाडी करून. तो औजार हातात घेऊन बघतो, आपल्या जमिनीचा पोत सांगतो आणि किंमत विचारतो. बंगळुरूच्या इमटेक्समध्ये येणारा प्रॉडक्शन मॅनेजर खिशातून पार्टचं ड्रॉइंग काढतो आणि सायकल टाइम विचारतो. त्यातही इमटेक्स विषम वर्षी धातू कापणाऱ्या यंत्रांचं असतं, तर सम वर्षी धातूला आकार देणाऱ्या यंत्रांचं, फॉर्मिंगचं. प्रेसचे सुटे भाग करणाऱ्याने चुकीच्या वर्षी जागा घेतली, तर दोष प्रदर्शनाचा नाही. आणि ही दोन माणसं इतकी वेगळी असताना दोघांच्या हातात एकच माहितीपत्रक देणारे कारखानदार मी पाहिले आहेत.

पैशांबाबतचा गैरसमज असा, की जागेचं भाडं भरलं म्हणजे खर्च झाला. तीन बाय तीन मीटरच्या तयार स्टॉलमध्ये मिळतं काय? पॅनलच्या भिंती, वर नावाची पट्टी, कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि विजेचा एखादा प्लग. मशीन चालवून दाखवायचं असेल, तर थ्री फेज वीज किलोवॅटच्या हिशेबाने वेगळी घ्यावी लागते. कॉम्प्रेस्ड हवा वेगळी, क्रेन वेगळी, आणि हे सगळे फॉर्म आयोजकांच्या मुदतीत भरले नाहीत तर दर चढतात. त्यात मालवाहतूक, विमा, माणसांचं राहणं-जेवण, छपाई. एकूण खर्च भाड्याच्या तिप्पट धरून चालावं. तेवढी तयारी नसेल तर जागा लहान घ्यावी, पण मशीन चालू ठेवावं. बंद मशीनसमोर लोक फोटो काढतात, चालत्या मशीनसमोर प्रश्न विचारतात.

लहान उद्योगांना मदतही मिळते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची योजना आहे. तीत प्रदर्शनातल्या जागेच्या भाड्याचा मोठा भाग परत मिळू शकतो, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना सवलत जास्त असते. अर्ज मात्र वेळेआधी करावा लागतो. प्रदर्शन उरकून आल्यावर चौकशी करणारे बरेच भेटतात, त्यांच्यासाठी काही करता येत नाही.

आता ज्या गैरसमजाने माणसं खरोखर बुडतात त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

"नवीन मशीन आधी प्रदर्शनात दाखवू, प्रतिसाद बघू, मग पेटंटचं बघू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि ते बोलणारी माणसं इतकी हुशार आणि कष्टाळू असतात, की दर वेळी जीव कळवळतो. पेटंट मिळण्यासाठी कल्पना नवीन असावी लागते, आणि अर्ज करण्याआधी तुम्ही स्वतःच ती चारचौघांत मांडलीत तर कायद्याच्या नजरेत ती नवीन राहत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी सवलत आहे हे खरं, आणि ते अर्धवट ऐकूनच लोक निर्धास्त होतात. ही सवलत फक्त त्या प्रदर्शनांना लागू आहे, ज्यांच्यासाठी केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली आहे. तिथेही प्रदर्शन सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज करावा लागतो. आपलं प्रदर्शन अधिसूचित आहे असं गृहीत धरणं म्हणजे कारखाना जुगारावर लावणं. परदेशात पेटंट घ्यायचा विचार असेल तर भारतातल्या या सवलतीचा तिथे उपयोग नाही, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा.

उपाय अवघड नाही. प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज दाखल करावा. त्याने तारीख आपल्या नावावर होते आणि संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. कल्पना यंत्रणेची नसून बाह्य आकाराची असेल, तर तिचं संरक्षण डिझाइन कायदा २००० खाली होतं. तिथेही शहाणपणाचा क्रम तोच, आधी अर्ज आणि मग प्रदर्शन. यातलं काहीच जमलं नसेल तर मशीन चालवून दाखवा, पण आतली जी गोष्ट नवीन आहे तिच्यावरचं झाकण उघडू नका, आणि माहितीपत्रकात तिची आकृती छापू नका.

परराज्यातल्या प्रदर्शनात मशीन शेवटच्या दिवशी तिथेच विकून मोकळं व्हायचं, हाही असाच एक समज. मशीन नुसतं दाखवायला न्यायचं असेल तर डिलिव्हरी चलनावर जातं, आणि राज्याबाहेर नेताना किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल लागतं. पण जिथे आपला कायमचा पत्ता नाही त्या राज्यात उभं राहून विक्री करायची, तर जीएसटीमध्ये तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. तिचा अर्ज व्यवसाय सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी करायचा, अंदाजे होणारा कर आगाऊ भरायचा, आणि ती नोंदणी ९० दिवस चालते. त्यापेक्षा स्टॉलवर ऑर्डर घ्या, मशीन परत आणा आणि कारखान्यातून रीतसर बिल करून पाठवा. तुमच्या कर सल्लागाराला हे निघण्याआधी विचारा. परदेशी प्रदर्शनात मशीन न्यायचं असेल, तर एटीए कार्ने नावाची कागदपत्रं घेतल्यावर, ती मानणाऱ्या देशांत आयातशुल्क न भरता नेऊन परत आणता येतं. भारतात ती फिक्कीकडून मिळतात.

स्टॉलवर कोण उभं राहणार हे बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात ठरतं. ऑफिसमध्ये ज्याला काम कमी त्याला पाठवलं जातं. एका स्टॉलवर मी पाहिलं होतं, मालक जेवायला गेलेला आणि नवा मुलगा खुर्चीत बसून मोबाइल बघतोय. समोर एक गृहस्थ दोन मिनिटं थांबले, मशीनचा टूलहोल्डर निरखून पाहिला आणि पुढे गेले. त्यांच्या गळ्यातल्या बॅजवर एका मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागाचं नाव होतं. मुलाची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की उभं राहायचं, बॅज वाचायचा आणि आधी आपण न बोलता समोरच्याला विचारायचं, "सध्या हे काम कशावर करता?" या एका प्रश्नाने निम्मी बोलणी पुढे सरकतात, कारण माणूस आपल्या अडचणीबद्दल आनंदाने बोलतो.

आणि जे बोललं ते तिथेच, त्याच्यासमोर लिहायचं. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा रबर लावून घरी आणला की आठवड्याने त्यातला कोण काय म्हणाला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. स्टॉलवर एक साधी वही ठेवा. नाव, पार्ट, महिन्याला किती नग, निर्णय कोण घेतो, आणि आपण काय आणि कोणत्या तारखेला पाठवायचं कबूल केलं. स्कॅनर आणि अॅप असेल तर उत्तम, पण त्यात "कबूल केलेली तारीख" हा रकाना नसेल तर वहीच बरी.

"एकही ऑर्डर मिळाली नाही, प्रदर्शन वाया गेलं" ही तक्रार घाईची असते. भांडवली मशीन कुणी स्टॉलवर उभ्या उभ्या घेत नाही. आधी सॅम्पल पार्ट काढून दाखवावा लागतो, मग कोटेशन, मग त्यांच्या बजेटची वाट. सहा-आठ महिने सहज जातात. त्याआधी प्रदर्शन वाया गेलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. पण परतल्यावर पहिल्या आठवड्यात कबूल केलेलं पाठवलं नाही, तर मात्र ते खात्रीने वाया जातं. म्हणून माझा आग्रह असतो, की प्रदर्शनानंतरचे पाच दिवस कामाच्या यादीत आधीच राखून ठेवा, स्टॉल बुक करतानाच.

पुढच्या प्रदर्शनाची जागा नोंदवण्याआधी मागच्या वेळची वही काढा. किती नावांपुढे कबूल केलेली तारीख आहे आणि त्यातल्या किती तुम्ही पाळल्या, ते मोजा. आकडा हाती आला की मगच आयोजकांना फोन करा.