काचेच्या पेटीतील अनाहूत पाहुणे

घरी काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता धुळे-जळगावकडेही पुष्कळांना लागली आहे. पाणवनस्पती आणून लावावी, आणि थोड्याच दिवसांत काचेवर इवल्या गोगलगायी फिरू लागाव्या, हा अनुभव बहुतेकांचा. पानाला चिकटलेल्या अंड्यांतून त्या येतात. मग घरात वाद सुरू होतो : ठेवायच्या की मारायच्या? आमचे म्हणणे एवढेच की, आधी ओळख करून घ्यावी आणि मग निवाडा द्यावा.

ओळखीला तीन प्रश्न पुरतात. पहिला : अंग आत ओढल्यावर शंखाचे तोंड झाकणाने बंद होते काय? होत असेल आणि शंख लांब, टोकदार असेल, तर ती वाळूत लपणारी मेलानॉइडिस. गोल, फुगीर आणि पट्ट्यापट्ट्यांचा असेल, तर बेलामिया. या दोघी अंडी न घालता जिवंत पिले देतात. झाकण नसेल, तर दुसरा प्रश्न : शंख चपट्या वेटोळ्याचा आहे काय? तसा असेल, तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. उभा असेल, तर तिसरा प्रश्न : टोक वर व तोंड आपल्याकडे धरल्यास तोंड कोणत्या बाजूला येते? उजवीकडे आल्यास लिम्निया. डावीकडे आल्यास फायसा. ही मूळची उत्तर अमेरिकेतील.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. इंडोप्लॅनॉर्बिसच्या अंगात वाढणारा एक कृमी गुरांच्या नाकात शिरतो. जनावर घोरल्यासारखा श्वास घेऊ लागते. लिम्नियातून यकृतातील चपटे कृमी पसरतात. माणसेही यातून सुटलेली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी लघवीतून रक्त जाण्याचा असाच एक कृमिरोग १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांना आढळला. त्याचा वाहक म्हणून पुढे जिचे नाव आले, ती फेरिसिया वेटोळे नसलेली, टोपीसारख्या शंखाची आणि अवघी काही मिलिमीटर लांबीची!

पण म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गोगलगाय हा कृमी आपल्या अंड्यांतून पिलांना देत नाही. रोगी जनावराची वा माणसाची घाण पाण्यात गेली, तरच तो तिच्या अंगी शिरतो. तेव्हा पेटीतच अंड्यातून निघालेली गोगलगाय निर्दोष असते. जपायचे ते गुरे डुंबणाऱ्या डबक्यातून नुकत्याच आणलेल्या गोगलगायीला. तसले पाणी उघड्या हातांनी ढवळू नये.

आणखी एक गोष्ट. मोरचूद टाकून गोगलगायी मारू नयेत. त्याने मासेही दगावतात. नको असलेल्या हातांनी वेचाव्या, माशांना अन्न कमी घालावे, म्हणजे त्यांची वीण आपोआप आटोपते. मात्र पेटीतले पाणी व वनस्पती गटारात किंवा नाल्यात टाकू नये. ती उन्हात वाळवावी. धुळ्याचा नाला पांझरेला मिळतो आणि पांझरा तापीला. परदेशी फायसा एकदा तेथे पोचली की, तिला परत बोलावणे कोणाच्याही हाती राहत नाही.