यमुनोत्रीचा भात, केदारनाथचा दम

यमुनोत्रीला देवळाशेजारी सूर्यकुंड नावाचे गरम पाण्याचे कुंड आहे. यात्रेकरू तांदूळ आणि बटाटे फडक्यात बांधतात आणि ती पुरचुंडी दोरीने कुंडात सोडतात. काही वेळाने वर काढली की भात शिजलेला असतो. हाच तिथला प्रसाद. उन्हाळ्याच्या सुट्टीत चारधाम करून आलेले कुणी हा प्रसाद घेऊन आले, तर त्याबरोबर एक प्रश्नही वर्गात नेता येईल : सूर्यकुंडातले पाणी उकळते आहे असे म्हणायचे की नाही?

पाण्याचे तापमान सुमारे ८८ अंश सेल्सिअस आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाणी १०० अंशांना उकळते, म्हणून मुले 'नाही' म्हणतील. पण यमुनोत्रीची उंची सुमारे ३,२९० मीटर आहे आणि त्या उंचीवर पाण्याचा उत्कलनबिंदूच ८९ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे कुंडातले पाणी उकळण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. उघड्या कुंडात ते याहून फारसे गरम होऊच शकत नाही. तरी भात शिजतो, कारण तांदळातला स्टार्च पाणी शोषून फुगायला ८० अंशांच्या आतले तापमानही पुरते. डाळ मात्र तिथे सहजी शिजणार नाही. प्रसादासाठी तांदूळ आणि बटाटेच का निवडले गेले, याचे निदान अर्धे उत्तर इथे मिळते.

ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. हिमालयात जागता ज्वालामुखी नाही. भारतीय भूपट्ट आशियाखाली रेटला जात असल्याने तिथले खोलवरचे तप्त खडक झपाट्याने वर उचलले गेले आहेत. त्यांतल्या मोठ्या भ्रंशाच्या भेगांतून पावसाचे आणि बर्फाचे पाणी खोल उतरते, तापते आणि पुन्हा वर येते. बद्रीनाथचे तप्तकुंड याच जातीचे.

आता उत्कलनबिंदू उतरतो का, ते पाहू. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याला वजन आहे. समुद्रकाठी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोग्रॅम हवेचा भार असतो. केदारनाथचे देऊळ ३,५८३ मीटरवर आहे. तिथपर्यंत चढलो की यातली सुमारे ३५० ग्रॅम हवा आपल्या पायांखाली राहते आणि डोक्यावर उरतो साधारण ६५० ग्रॅमचा भार. पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटायला हा भार अडवत असतो. तो कमी झाला की पाणी लवकर, म्हणजे ८८ अंशांनाच, उकळू लागते.

वर्गात हे दाखवायला सुईविना एक मोठी सिरिंज पुरे. ७० अंशांच्या आसपासचे पाणी पाव सिरिंज भरून घ्यावे, आतली हवा काढून टाकावी, तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या मागे ओढावा. पाणी बुडबुडे येऊन उकळू लागते. (पाणी गरम असल्याने हे शिक्षकांनीच करावे.) दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. चूल नाही, जाळ नाही, फक्त दाब कमी झाला.

केदारनाथच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर अडत नाही, पण त्यालाही उंची जाणवते. शिटीचे वजन बाहेरच्या दाबाच्या वर जवळजवळ एका वातावरणाची भर घालते. त्यामुळे मुंबईत कुकरमध्ये १२० अंश गाठले जातात, तर केदारनाथला ११४ च्या आसपास. डाळीला दोन शिट्या जास्त द्याव्या लागतात, इतकेच.

माणसाला मात्र शिटी नाही. इथून पुढचा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

'वर ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते' असे आपण सगळेच सहज म्हणतो. ते बरोबर नाही. हवेतला ऑक्सिजनचा वाटा केदारनाथलाही मुंबईइतकाच, सुमारे २१ टक्के आहे. कमी झालेला असतो तो एकूण दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात हवेचे रेणूच कमी येतात आणि ऑक्सिजनला फुप्फुसांतून रक्तात ढकलणारा जोरही कमी पडतो. कोविडच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, घरोघरी पोचलेले ऑक्सिमीटर बोटाला लावले, तर एरवी ९७-९८ दाखवणारा आकडा तिथे नव्याने आलेल्या माणसात ९० च्या आसपास किंवा त्याखाली उतरलेला दिसतो.

शरीर यावर उपाय करते, पण त्याला वेळ लागतो. का लागतो हे समजण्यासारखे आहे. ऑक्सिजन कमी पडताच आपण आपोआप जोरात श्वास घेऊ लागतो. त्यामुळे ऑक्सिजन थोडा जास्त येतो. पण त्याच श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर टाकला जातो. हा वायू रक्तात आम्ल तयार करतो. तो घटला की रक्त अल्कधर्मी बनते आणि मेंदूतले श्वसनकेंद्र म्हणते, 'पुरे, श्वास आवरा.' एक यंत्रणा वेग वाढवू पाहते, दुसरी ब्रेक लावते. हा ब्रेक सुटतो तो मूत्रपिंडांमुळे. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात आणि रक्ताचा तोल पुन्हा सांभाळतात. या कामाला दोन-तीन दिवस जातात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. मन कितीही खंबीर असो, मूत्रपिंडांना घाई करता येत नाही.

ही सवय होण्याआधीच खूप वर गेले, तर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न येणे असा त्रास सुरू होतो. साधारण अडीच हजार मीटरांच्या वर तो कुणालाही होऊ शकतो. तरुण आणि धडधाकट माणसालाही. बहुधा तो पोचल्यानंतर काही तासांनी, रात्री जाणवतो, कारण झोपेत श्वास मंदावतो. दुर्लक्ष केले तर क्वचित फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून जीवावर बेतते. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्याला फेस येणे, चालताना तोल जाणे, बरळणे ही धोक्याची चिन्हे. अशा माणसाला ताबडतोब खाली उतरवणे हाच खरा इलाज. ऑक्सिजनचे नळकांडे तोवरचा आधार.

यात्रेत बरेच जण रुमालात कापूर बांधून हुंगत असतात. आपल्याकडून जाणाऱ्यांच्या पिशवीत तो हमखास असतो. कापराने नाकातल्या थंडी जाणणाऱ्या चेता जाग्या होतात आणि हवा मोकळी वाटते. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. बरे वाटते म्हणून हुंगायला आमची हरकत नाही, पण बरे वाटले म्हणून चढत राहायला आहे.

पर्वतावर जाणाऱ्यांसाठी डॉक्टरांचा एक साधा नियम आहे : ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढवू नये आणि अधूनमधून एक दिवस थांबावे. यात मोजायची आहे ती झोपण्याची उंची.

या मापाने जुनी यात्रा पाहू. ऋषीकेशहून केदारनाथ सव्वादोनशे किलोमीटरांच्या घरात. रोज बारा-पंधरा किलोमीटर चालणारा यात्रेकरू वाटेतल्या चट्ट्यांवर मुक्काम करीत दोन-अडीच आठवड्यांनी पोचत असे. पहिला बराच मार्ग नदीखोऱ्यातला, कमी उंचीचा. त्याने विरळ हवेची सवय होत नसे हे खरे. पण ज्याचे हृदय अधू, त्याला ते हजार मीटरांच्या खालीच कळत असे. शेवटी गौरीकुंड (सुमारे १,९८० मीटर) आणि रामबाडा (सुमारे २,७०० मीटर) असे टप्पे पडत. जुनी यात्रा सुखाची होती असे मात्र नव्हे. पटकीच्या साथींनी आणि कोसळत्या दरडींनी किती तरी माणसे जात.

१९६२ च्या युद्धानंतर सीमेकडचे रस्ते झपाट्याने झाले आणि आठवड्यांचा प्रवास दोन दिवसांवर आला. रामबाडा जून २०१३ च्या प्रलयात वाहून गेले. आज गुप्तकाशीच्या परिसरातून, म्हणजे दीड हजार मीटरांच्या आसपासून, हेलिकॉप्टर काही मिनिटांत केदारनाथला उतरवते. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने सोनप्रयाग ते केदारनाथ अशा १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची वाट त्याने ३६ मिनिटांवर येईल असे सांगितले गेले. वृद्धांना ही सोय हवीच आहे, आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणाऱ्याला उंचीचा आजार होण्याचा संभव कमीच. पण हृदयावरचा ताण पोचल्या क्षणी सुरू होतो. २०२२ च्या हंगामात चारधामांच्या वाटेवर दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांत हृदयविकाराचे आणि उंचीच्या त्रासाचे मृत्यू मोठ्या संख्येने होते.

आपल्याकडचा अनुभव इथे फसवतो. कळसूबाईचे देऊळ महाराष्ट्रात सर्वांत उंच, पण ते १,६४६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब अजून ८० टक्क्यांच्या वर असतो. 'दरवर्षी कळसूबाई चढतो' म्हणणाऱ्याचे पाय तयार असतील, मूत्रपिंडांना त्या वाटेची ओळख नसते. यमुनोत्रीपासून पूर्वेकडे जाण्याचा परंपरेचा क्रम पाळला, तर जानकीचट्टी (सुमारे २,६५० मीटर) आणि गंगोत्री (३,००० मीटरांच्या वर) इथल्या मुक्कामांनी थोडी तरी पूर्वतयारी होते. 'आधी केदारनाथ उरकू' अशी सहल घेण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

मुलांना करायला दोन गोष्टी आहेत. कुणाच्या घरचे केदारनाथला जात असतील, तर त्यांना पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली तिथे झाकण घट्ट लावून आणायला सांगावे. ऋषीकेशला पोचेपर्यंत ती चेपते. आतल्या हवेचे आकारमान जवळजवळ दोन-तृतीयांश होऊ पाहते. दुसरी गोष्ट, आलेखाची. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची. जुन्या पायी यात्रेकरूची एक रेघ काढावी आणि एखाद्या सहलीच्या पत्रकावरून दुसरी. तिसरी रोपवेने वर जाऊन मुक्काम करणाऱ्याची : सोनप्रयागच्या १,८२९ मीटरांवरून ३,५८३ वर. एका दिवसाला एक सेंटीमीटर धरले तर ३६ मिनिटांना पाव मिलिमीटर येतो. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते.