तिकिटात राहिलेला पासवर्ड

लेखांक ९

मागच्या आठवड्यात ओटीपी फोनपर्यंत कसा पोहोचतो ते पाहिलं. आज ग्राहक सेवेच्या तिकिटाकडे वळू. तक्रार केली की क्रमांक मिळतो आणि त्यामागे एक नोंद उघडते. आपला मजकूर, जोडलेले स्क्रीनशॉट, फोन घेणाऱ्याने केलेल्या टिपा, सगळं तिच्यात साठत जातं. अडलेला माणूस तिथे हातचं काही राखत नाही. 'लॉगिन होत नाहीये, पासवर्ड देतो, तुम्हीच बघा.' काम झालं की तिकीट बंद होतं, पासवर्ड मात्र तिथेच पडून राहतो. मीरा-भाईंदरमधून मालाड-गोरेगावच्या कॉल सेंटरांत जाणाऱ्या मुला-मुलींना हे नवीन नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये हल्लेखोरांनी सेल्सलॉफ्ट कंपनीच्या 'ड्रिफ्ट' या चॅट सेवेची टोकनं, म्हणजे पासवर्डशिवाय आत सोडणारे डिजिटल परवाने, चोरली. त्यांच्या जोरावर ते ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्स या सेवेतल्या शेकडो कंपन्यांच्या खात्यांत शिरले आणि अनेक ठिकाणी तिकिटांचा मजकूरच उचलून घेऊन गेले. त्या मजकुरात ते पासवर्ड आणि ॲमेझॉनच्या क्लाउडच्या किल्ल्या शोधत होते. क्लाउडफ्लेअर कंपनीने चोरीला गेलेला आपला मजकूर स्वतः चाळला, तेव्हा तिच्याच सेवेची १०४ टोकनं त्यात सापडली. तिने ती सगळी बदलली आणि २ सप्टेंबरला हे जाहीर केलं. चोर ज्या नजरेने तिकिटं वाचतो, त्या नजरेने कंपनीने ती आधीच वाचायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

वाचायची कशी? काही गुपितं ओळखायला सोपी असतात. ॲमेझॉनच्या कायमस्वरूपी किल्लीचा ओळख-क्रमांक 'एकेआयए' या चार अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण २० अक्षरांचा असतो. साधा नियम लिहिला तरी तो पकडता येतो. माणसाने ठरवलेल्या पासवर्डला मात्र असा ठरावीक साचा नसतो. तिथे आजूबाजूचे शब्द पाहावे लागतात, आणि आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. इंग्रजी वाक्यांवर बेतलेला नियम 'पासवर्ड' या शब्दापुढे लगेच येणारी अक्षरं उचलतो. आपल्याकडचा ग्राहक अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तेही रोमन लिपीत लिहितो. पासवर्ड आधी लिहितो आणि 'हा टाकून बघा' असं नंतर. नियम तिथे फसतो. स्क्रीनशॉट असेल तर आधी चित्रातला मजकूर वाचून काढावा लागतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक १२ अंकी, आधारही १२ अंकी. दिसेल तो १२ अंकी आकडा झाकला, तर पैसे अडकलेल्या माणसाचा यूटीआरच गायब होईल आणि तक्रार सुटणार नाही. आधारचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. तो जुळतो का, हे तपासलं की बहुतेक यूटीआर वेगळे पडतात. तरी साधारण दहातला एक योगायोगाने जुळतोच, म्हणून शेजारचे शब्द इथेही पाहावे लागतात.

'ग्राहकाने लिहावंच कशाला?' असं विचारलं जातं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, ते प्रकरण आठवा. तिथून अमेरिकी कर खात्याचे अधिकारी म्हणून फोन जायचे, आणि घाबरलेली माणसं गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यांचे क्रमांक स्वतः वाचून दाखवायची. त्यासाठी कुठलीही यंत्रणा फोडावी लागली नाही. घाबरलेला काय किंवा अडलेला काय, माणूस बोलून जातोच. त्याला बोल लावून काही साधत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती जपण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे आणि त्यातल्या कुचराईला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

म्हणून गुपितं शोधून झाकणारी ही चाळणी तिकीट साठवण्याआधी लावावी. एकदा नोंद झाली की तिच्या प्रती ईमेलमध्ये, बॅकअपमध्ये आणि अहवालांत जातात; मूळ तिकिटातून पुसून भागत नाही. चाळणीने स्वतःच्या नोंदीतही सापडलेला पासवर्ड लिहू नये, फक्त कुठे सापडला एवढंच लिहावं. आणि सापडलेलं गुपित फुटलं असंच धरून ग्राहकाला त्याच दिवशी कळवावं: 'आपल्या तक्रारीत पासवर्ड आला होता, तो आम्ही झाकला आहे. कृपया तो आत्ताच बदला. हाच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथेही बदला. आपली तक्रार चालू आहे, पुन्हा नोंदवायची गरज नाही.'